फ्रीझरमधला चीक

आमच्या फ्रीझरमध्ये आइस्क्रीमच्या जुन्या डब्यात चीक ठेवलेला होता. गाय व्याली की पहिलं दाट, पिवळसर दूध येतं ना, तो. अमेरिकेतल्या बेलव्ह्यूपासून तासाभरावर आम्ही थोडी जमीन घेऊन तिथेच राहत होतो, शेजारचे एक गोरे आजोबा गाई पाळायचे. वसंतात त्यांच्याकडून मी तो मागून आणला, तेव्हा ते डोळे विस्फारून म्हणाले, "यू ईट दिस?" म्हटलं, एकदा खाऊन तर बघा! पण त्यांची काही हिंमत झाली नाही.

तो चीक गणपतीसाठी होता. बेलव्ह्यूची मराठी मंडळी दरवर्षी आरतीला आमच्याकडे यायची, आणि त्या वर्षी मी फोन करकरून सगळ्यांना सांगून बसले होते की यंदा खरवस आहे. अमेरिकेत खरवस! काही काका-काकूंनी तर भारत सोडल्यापासून तो तोंडात घातला नव्हता.

आणि आमच्याकडे होत्या अल्पाका. हे दक्षिण अमेरिकेतले प्राणी, तेव्हा नुकतेच इकडे यायला लागले होते. मेंढीसारखी लोकर आणि ही लांब मान. मंडळी चिडवायची, "अहो काकू, म्हशी तरी पाळायच्या!" हसा लेको. नवरा ड्राइव्ह करून ऑफिसला गेला की गोठ्यात माझं राज्य असे. सुकं गवत झटकून घालायचं, मूठभर खुराक द्यायचा, कोण नीट खातंय, कोण तोंड फिरवतंय ते बघायचं. चुकून अंगावर थुंकल्या तर चांगली खरडपट्टी काढायची, तीही मराठीत. त्यांना बरोबर कळायची.

गणपतीच्या आदल्या दिवशी सकाळी आमची पहिलटकरीण व्याली. पिल्लू धडपडत उभं राहिलं, आईच्या कासेला लागलं, पण कास कोरडी. पुन्हा पुन्हा ढुशा देऊन शेवटी ते बिचारं गवतात बसून राहिलं. मी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी कास दाबून पाहिली आणि मान हलवली. पहिलं दूध आजच्या आज पोटात गेलं नाही, तर पिल्लू जगणं कठीण, म्हणाल्या. गाईचंही चालेल, पण शेजारच्या आजोबांच्या गाई तर कधीच व्याल्या होत्या.

मी तडक घराकडे निघाले. नवरा सुट्टी काढून मखर लावत बसला होता. माझ्या हातात डबा बघून म्हणाला, "अगं, उद्या लोक येतायत! खरवसाचं काय?"

"खरवस गेला खड्ड्यात!" म्हटलं.

डॉक्टरीणबाई मागोमाग येऊन बजावायला लागल्या, गॅसवर ठेवू नका, जास्त तापलं तर थिजेल. मला हसूच आलं. बाई गं, थिजतो म्हणून तर त्याचा खरवस होतो! डबा कोमट पाण्यात ठेवून हलक्या हाताने ढवळत बसले. चीक पातळ झाल्यावर बाटलीत भरला आणि पिल्लाची मान काखेत धरली. पहिल्यांदा सगळं हनुवटीवरून ओघळलं. "पी रे राजा, पी," मी म्हणत होते, आणि बाटली पुन्हा पुन्हा त्याच्या तोंडाला लावत होते. मग त्याची जीभ हलली आणि ते चुटूचुटू ओढायला लागलं. मी डॉक्टरीणबाईंच्या देखत मोठ्याने रडले, आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी आरती झाली, मोदक वाढून झाले. मंडळींतले सगळ्यात ज्येष्ठ काका ताट पुढे करून म्हणाले, "वहिनी, खरवस कुठंय?"

मी सगळ्यांना ताटांसकट कुंपणापाशी नेलं. पिल्लू आईभोवती उड्या मारत होतं.

"तो काय, पळतोय तुमचा खरवस," म्हटलं, आणि सगळी हकीकत सांगितली. काका हळहळले, नाही असं नाही. पण मग त्यांनी आपल्या ताटातला मोदक उचलून माझ्या हातावर ठेवला. त्या दिवशी माझी मान माझ्या अल्पाकांपेक्षाही उंच होती.