बर्नीने ठेका सोडला

यंगस्टाउनचा पोलादाचा कारखाना बंद पडला तेव्हा झेलास्को बहीणभावांच्या वाट्याला दोनच गोष्टी आल्या, बेकारी आणि राग. थोरल्या स्टॅनने बेस गिटार उचलली, धाकट्या बहिणीने, बर्नीने, ड्रम मांडले, कर्टिस नावाचा एक शिवराळ गडी गायला मिळाला आणि 'क्लोज्ड गेट' बँड उभा राहिला. गायला म्हणजे बोंबलायला.

स्टॅनचा एकच नियम होता. "अंगावर बाटली येऊ दे, खुर्ची येऊ दे, गाणं मध्येच तोडायचं नाही. थांबलो की मेलो." बर्नीने तो पाळला. एकदा कपाळ फुटून रक्त डोळ्यांत उतरलं तरी तिचे हात थांबले नव्हते, आणि त्याचा तिला कोण अभिमान!

बँडला वर्षही झालं नसेल. त्या शनिवारी स्लोव्हाक क्लबच्या हॉलमध्ये पोरं नेहमीसारखी एकमेकांना धडका देत नाचत होती. क्लीव्हलंडहून आलेल्या एका टोळक्यातला एक जण कर्टिसच्या तोंडावर थुंकला. स्टॅनने गिटार दांड्याला धरून खाली उडी टाकली आणि त्याच्या टाळक्यात घातली. बर्नीला हसूच आलं.

पण बेसचा आवाज गेला, तो परत येईना. तिने मान उंचावून पाहिलं. पाच-सहा जण गोल करून नाचत होते. मध्ये जमिनीवर स्टॅनचा चौकडीचा शर्ट होता. बूट पडत होते ते तिच्याच ठेक्यावर. तिचा विश्वास बसेना. तिने ठेका संथ केला. लाथाही संथ झाल्या.

"मारतायत रे त्याला!" ती ओरडली. कोण ऐकणार? सगळ्या हॉलला तो नाचच वाटत होता.

तिने काठ्या टाकल्या.

शांततेत आणखी एक लाथ बसली आणि हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"वाजव की, बये!" कर्टिसने माइकचा स्टँड तिच्यावर भिरकावला. तो तिच्या खांद्यावर आदळला. तोच उचलून ती खाली उतरली आणि पहिला गुडघा सापडला तो फोडला. मग हॉल त्या टोळक्यावर तुटून पडला. बँड तिथेच संपला.

इस्पितळात स्टॅनचा जबडा तारांनी बांधला होता. दातांतल्या दातांत तो म्हणाला, "बर्ने, गाणं का तोडलंस?"

"तुझ्या बापाचं होतं का रे गाणं?" ती म्हणाली. एक सणसणीत ठेवून द्यावी म्हणून तिने हात उगारला; पण मारायला त्याच्या तोंडावर जागाच उरली नव्हती.