लो बीपीचं सरबत

माझं बीपी लो आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ झालं होतं. कुसगावच्या दवाखान्यात स्टूल असं ठेवलंय की बसलं की डावाच हात डॉक्टरांपुढे येतो. दर वेळी पट्टा त्यालाच, आणि दर वेळी मशीन लो. मी हॉटेलात खोल्या आवरते. गादीचा कोपरा उचलला की डावा हात गळून जायचा, डोकं ठणकायचं. सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणते, लगेच लिंबाच्या सरबतात चांगलं चमचाभर मीठ ढवळून ग्लास पुढे करायच्या. "पी, लो झालंय तुजं." मीही गटागट प्यायचे. डोकं आणखीच ठणकायचं.

एकदा चादर घालताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा नवऱ्याने तळेगावच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. आत्याही आल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी माझी दोन्ही मनगटं एकदम धरली आणि बोलता बोलता थांबल्या. डाव्या हाताला नाडीच लागत नव्हती. उजव्या हाताचं बीपी बघून त्यांनी मला तिथंच आडवं केलं. इतकं चढलं होतं की मेंदूतली शीर फुटली असती, म्हणाल्या. शेजाऱ्यांकडे ठेवून आलेली माझी लहानगी आठवली.

छातीचा स्कॅन झाला. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला सूज होती. डाव्या हाताकडे जाणारा फाटा जवळजवळ बंद, किडनीकडचाही आवळलेला, म्हणून बीपी चढलेलं. दुर्मिळ आजार, शरीर आपल्याच रक्तवाहिन्यांवर उठतं. स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या, मीठ बंद. ते ऐकताच आत्यांनी पदर तोंडाला लावला. मला त्यांची दया नाही आली, राग आला. दवाखान्यावरचा रागही मी त्यांच्यावरच काढला. पुढे कित्येक महिने कामापुरतंच बोलत होते.

गोळ्यांनी तोंड सुजलं, झोप उडाली. दुसऱ्या स्कॅनचा रिपोर्ट घ्यायला गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सूज उतरतेय. पण हाताचा फाटा गोळ्यांनी मोकळा होणार नाही, पुढेमागे ऑपरेशन लागेल. तिथं दुसरी शीर जोडतात.

इतका वेळ दारापाशी उभ्या असलेल्या आत्या पुढे आल्या. बांगड्या कोपराकडे सारून त्यांनी हात टेबलावर ठेवला.

"बाई, माजी घ्या की. कुटली बी घ्या."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. मला मात्र रडू आवरेना.