देठ खुडणाऱ्या मॅडम

मुकादम मागे येऊन उभा राहिला आणि माझ्या हातातली मिरचीच गळली. मी मॅडमच्या मोबाईलातल्या रेकॉर्डिंगात आत्ताच बोलून बसले होते की मालक लेकरांना सावलीत बसू देत नाही. माझी तान्ही पोर तिथंच उन्हात, झोळीत. आता काम गेलं, मला वाटलं.

मॅडम कॉलेजात इतिहास शिकवतात. नाव मी विचारलं नाही. मिरची वाळवायच्या पथारीवर, नाकाला ओढणी बांधून, आमच्यासारख्याच देठ खुडत बसल्या होत्या. शिंकायच्या, मग हसायच्या. नंदुरबारची मिरची कोणी मोठी केली, हे पोरांनी पुस्तकातून न उतरवता बायांना विचारायचं, असा प्रकल्प त्यांनी काढला होता. पोरांना द्यायच्या आधी स्वतः करून बघत होत्या.

"काय सांगी ऱ्हायनी व मॅडमले?" मुकादम म्हणाला.

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. मोबाईल माझ्या कानाला लावून माझंच बोलणं ऐकवलं. "ताई, ज्याचं बोलणं त्याला आधी ऐकवायचं, हा पहिला नियम. पुस म्हणाल तर आत्ता पुसते."

शेजारी देठ खुडणारी माझी जाऊ कुजबुजली, "पुसाले लाव, येडी."

पण त्या बोलण्यात माझ्या मायचंही होतं. तिनंही मला इथंच, अशाच उन्हात झोपवलं होतं.

"ऱ्हाऊ द्या," मी म्हटलं. "मन्ही मायनं नाव बी टाका."

मॅडमनी होकारार्थी मान हलवली आणि मायचं नाव लिहून घेतलं. मुकादम अजून तिथंच उभा होता. तुम्ही असता तर पुसायला लावलं असतं की राहू दिलं असतं?