बाईंचं इंग्लंड आणि माझा खिसा

चिंचवड गावठाणातल्या आमच्या घरमालकीणबाईंनी मला वाचवलं, हे आधी सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की बाईंच्या डोक्यात काहीतरी बिघाड आहे. तसा तो आहेच. अख्ख्या पिंपरी-चिंचवडात भाडेकरूला खोलीची चावी देण्याआधी "अंगातली पँट किती दिवसांची?" असं विचारणारी दुसरी मालकीण असेल तर मला दाखवा. मी हिंगोलीकडचा, नववीत शाळा सोडलेला, चाकणला मशीनवर वीस वर्षं काढलेला, बायको-मुलगी गावी. बाई कॉलेजात इतिहास शिकवून रिटायर झालेल्या. मी हादरून खाली बघितलं आणि "तीन" म्हणालो. खरं तर पाच झाले होते. "रोज बदलायची," बाई म्हणाल्या. "पाणी एक दिवसाआड येतं, पण पिंप मोठं आहे."

त्यांना काकू म्हटलेलं चालत नाही. "मी कुणाच्या काकाशी लग्न केलेलं नाही," म्हणतात. म्हणून मी बाई म्हणतो, शाळेतल्यासारखं. इंग्लंडच्या इतिहासावर त्यांचा प्रबंध चालू आहे, आणि तो इतकी वर्षं चालू आहे की मार्गदर्शन करणारे सर मधेच रिटायर होऊन नातवंडांत रमले. राजा-राणी बाईंना वर्ज्य. त्यांचं इंग्लंड म्हणजे सुताच्या गिरण्या, तिथले कामगार, ते काय खायचे, कुठं झोपायचे आणि कशानं मरायचे. टेबलावर डाव्या हाताला त्या कामगारांच्या जुन्या नोंदी, उजव्या हाताला कॅन्सरवरचे अगदी ताजे शोधनिबंध, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत चहा-खारी. "इकडचे कशानं गेले, ते तिकडचे आत्ता सांगतायत," असं त्या खारी बुडवता बुडवता समजावायच्या. एकदा सकाळी फर्स्ट शिफ्टला निघालो, तर बाई पायरीवर डोळे पुसत बसलेल्या. घरचंच कुणीतरी गेलं म्हणून मी शेजारी टेकलो आणि हळूच विचारलं, "कधी झालं, बाई?"

"शंभर वर्षं होऊन गेली."

गिरणीतला एक कामगार होता म्हणे. नको त्या जागी जखम झाली आणि लाजेपायी त्यानं ती बायकोलाही दाखवली नाही, आणि त्यातच गेला. एका इंग्रजाच्या दुखवट्यात माझी कंपनीची बस चुकली. मी हसायला पाहिजे होतं, पण दिवसभर मशीनवर त्या माणसाचाच विचार करत राहिलो. कारण मांडीच्या सांध्याशी, अशाच नको त्या जागी, मला एक फोड होता आणि चार-पाच महिने मलम लावूनही तो सुकत नव्हता. बायकोला मी फोनवर "सगळं ठीक आहे" एवढंच सांगायचो. डॉक्टरकडं जायचं तर सुट्टी, आणि सुट्टी घेतली की ठेकेदार त्या मशीनवर दुसरा माणूस उभा करणार. एवढं गणित नववीत शाळा सोडलेल्यालाही येतं.

भाडेकरूंचे दोरीवरचे कपडे वाचायची बाईंना सवय आहे. वाचायची हा त्यांचाच शब्द. एका रविवारी त्या माझ्या पँटसमोर चष्मा सरकवत उभ्या राहिल्या. उजव्या खिशाखाली तेलाचा डाग होता, कितीही धुतला तरी न जाणारा.

"इथं काय ठेवतोस?"

"फडकं. मशीनवरून निघालेला तेलकट भाग पुसायचा आणि खिशात कोंबायचं. आम्ही सगळेच तसं करतो."

बाई पायरीवर बसल्या. गिरणीतल्या मशीनचं तेल उडून त्या माणसांच्या पँटी भिजायच्या, तेच तेल दिवसभर अंगाला लागायचं आणि त्यातूनच त्या जागी कॅन्सर व्हायचा, हे त्यांनी मला एका दमात सांगितलं. मग भर अंगणात, वरच्या मजल्यावरची पोरं कठड्यावरून ऐकत असताना, विचारलं, "तुला तिथं काही झालंय का?" माझ्या आईनंही मला असं कधी विचारलेलं नाही. कान तापले. "नाही," मी म्हणालो.

"त्यानंही नाहीच सांगितलं होतं," बाई म्हणाल्या.

मग मी आहे म्हणालो.

रिक्षानं त्याच मला दवाखान्यात घेऊन गेल्या आणि तरुण डॉक्टरला इंग्लंडच्या गिरण्यांबद्दल इतकं सांगितलं, की तो शेवटी म्हणाला, "मॅडम, जरा पेशंटला बोलू द्या ना." त्यानं तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत बाई इंग्लंडचं नावही काढेनात. कोथिंबीर महागली, शेजारचं मांजर व्यालं, असलंच बोलायच्या. मला खरी धडकी भरली ती त्यानं. रिपोर्ट आला. कॅन्सर अजून झाला नव्हता, पण फोड त्याच वाटेवर होता. डॉक्टरनं फोड कापून काढला. "आणखी वर्षभरानं आला असतात तर..." एवढं बोलून तो औषधांची चिठ्ठी लिहायला लागला. बायकोला मी त्याच दिवशी सगळं सांगितलं. ती तासभर बोलली, त्यातला पाऊण तास शिव्या.

ठेकेदारानं मशीन बदललं, पण कामावर ठेवलं. आता फडकं हुकाला असतं. लाइनवरचा एक जण म्हणाला, "राव, तुझ्या मालकीणबाईनं अख्ख्या लाइनचे खिसे रिकामे केले."

हल्ली बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढतोय. प्रबंध संपत आलाय. "दोन परीक्षक वाचतील," त्या परवा म्हणाल्या, "म्हणजे चाळतील." मी बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरलाय. माझी मुलगीही यंदा दहावीला आहे, ती फोनवर हसते. इंग्रजीची मला अजून धास्ती वाटते, आणि बाईंचा प्रबंध इंग्रजीत आहे. तरी बाईंना सांगून आलो, की तुमचा प्रबंध मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणार, वेळ लागेल.

"लागू दे," बाई म्हणाल्या. "त्यातल्या माणसांना आता कुठं जायचंय."

पण मला त्यांच्यातल्या एकाला भेटायचंय. ज्या पानावर तो लाजरा गिरणी कामगार आहे, तिथपर्यंत मी पोचणार. आणि ते पान बाईंसमोर बसून, अडखळत का होईना, मोठ्यानं वाचून दाखवणार.