ओओ पक्ष्याला उत्तर

आज मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो ते माझ्या आत्यामुळे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. तालुक्याच्या शाळेतून मी भोपाळला आलो, तेव्हा तिनं पिपलानीतल्या लहानशा क्वार्टरमध्ये मला जागा दिली. काका, म्हणजे तिचे यजमान, तिथल्याच कारखान्यात तंत्रज्ञ, महाराष्ट्रातून बदलून आलेले. घरात एक नियम होता: जेवताना प्रत्येकानं त्या दिवशी नवं काय कळलं ते सांगायचं, आणि मराठीतच. हिंदी शब्द घुसला की आत्या पोळी हातात धरून थांबायची.

एम.एस्सी.च्या शेवटी सेमिनार होता. त्यात नापास झालो तर वर्ष वाया जाणार होतं. काका निवृत्त होत होते, क्वार्टर सुटणार होतं. आणखी एक वर्ष भोपाळात काढणं मला शक्य नव्हतं. तरी मी धोक्याचाच विषय घेतला, सोंगं घेणारा ऑक्टोपस आणि नामशेष झालेला ओओ पक्षी यांची तुलना.

सर म्हणाले, "एक समंदर में, एक पेड़ पर। तुलना किस बात की, भाई?"

विषय बदलायचा नाही, हे मी ठरवलं होतं.

जेवताना मी सांगितलं, "ऑक्टोपस शत्रू दिसला की विषारी समुद्रसापाचं रूप घेतो आणि वाचतो. हवाईतला ओओ मात्र आपलंच गाणं गात राहिला. शेवटच्या नराच्या सादेला उत्तर द्यायला मादीच उरली नव्हती. म्हणजे ऑक्टोपस शहाणा."

"आमचे हेडक्लार्क तसेच," काका म्हणाले. "साहेब बदलला की रंग बदलतात."

आत्या हसली नाही. "पक्ष्याच्या गाण्यात काय खोट होती रे? ऐकणारं कुणी राहिलं नाही, यात त्याचा काय दोष?"

मी निष्कर्ष खोडला आणि पुन्हा वाचायला बसलो. डासांनी आणलेला रोग, उंदीर, तुटलेलं जंगल, वादळं. गाण्याचा संबंधच नव्हता.

सेमिनारच्या आधीच ते दोघं गावी परतले. मी नेहरू नगरात खोली घेतली. निकाल लागला त्या दिवशी हे पत्र टाकलं:

"आत्या,

पास झालो. घाबरून सुरुवात मराठीतच केली, तुझ्यासमोर बोलायची सवय ना! वर्ग हसला. खाली बसावंसं वाटलं, पण बसलो नाही. पहिल्यापासून हिंदीत सांगितलं: शत्रू समोर दिसला तर सोंग वाचवतं, पण रोगापुढे आणि तुटलेल्या जंगलापुढे सोंगही चाललं नसतं, गाण्यात खोट नव्हती. शेवटी सर म्हणाले, 'अब समझ में आई तुलना।'

खोलीवर जेवताना ऐकायला कुणी नाही. म्हणून दर रविवारी लिहीन. आज कळलेलं असं: ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, आणि पोहताना त्यातलं एक थांबतं. म्हणून तो शक्यतो तळावरून चालतच जातो. काकांना वाचून दाखव.

आणि तुम्हाला काय कळलं, ते लगेच कळव."