पंधरावर उतरवलेली हवा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये तापलेल्या रबराचा वास आला की आजही मला मामाच्या जीपचं ते वळण आठवतं. मामाने जीपला अवाढव्य टायर बसवलेले. खाडीलगतच्या शेतातल्या चिखलातून निघायला त्याने चारही टायरची हवा तिसावरून पंधरा पौंडांवर उतरवली आणि जीप सहज बाहेर आली. डांबरी रस्ता लागताच तो हवा भरायला थांबला. पंप माझ्याच पायाशी होता. मी म्हणालो, "हळदीला उशीर होतोय रे मामा, डोंबिवलीला पोचून भर." बायपासच्या उतारावर वळण आलं आणि मऊ टायरांवर जीप वळेचना. ती होडीसारखी डुलली, पुढचा टायर रिमवरून निसटला आणि लोखंड रस्त्यावर घासत आम्ही कठड्याकडे ओढले गेलो. कठडा हातभर राहिला तेव्हा जीप थांबली. खाली दरी होती. स्टेपनी लावून, बाकीच्या टायरमध्ये हवा भरून मांडवात पोचलो, तेव्हा सगळं ऐकून मामीने विचारलं, "हवा का नाय भरलीस?" मामा माझ्याकडे न बघता म्हणाला, "इसरलो." आता जीप मी चालवतो, हवा स्वतः मोजतो, पण मामी अजून त्यालाच विसराळू म्हणते आणि घाई माझी होती हे मी तिला सांगितलेलं नाही.