पंगतीतले फोटो

निघायच्या सकाळी आई दशम्या बांधत होती, बाबा बसची वेळ तिसऱ्यांदा विचारून आले होते, आणि मी? मी आमच्या अकोटच्या फोटो स्टुडिओतला कॉम्प्युटर साफ करत बसले होते. कोर्स केलेली पोरगी ना, जाताना शिस्त लावून जाणार! लग्नांचे स्टेजवरचे फोटो ठेवले, पंगतीतले सगळे उडवले. तोंडात घास, डोळे मिटलेले. असले फोटो अल्बममध्ये घेतं कोण? मग शेजारच्या सुदामकाकांनी माझी ट्रंक एसटीच्या टपावर चढवली. कापसाच्या जिनिंगवर गाठींची हमाली करणारा माणूस, त्यांना ट्रंकेचं काय! "पुन्याले गेल्यावर आमाले वयखशीन ना माय?" म्हणाले. 'ओळखीन की' म्हणायचं सोडून मी नुसती हसले.

मी निघायच्या आधीच्या वर्षांत कपाशी सारखी दगा द्यायची. लग्नं साधी होऊ लागली आणि स्टुडिओत अल्बमपेक्षा फ्रेमची कामं वाढली. माणूस गेला की घरचे यायचे, "भाऊ, अमक्याच्या लग्नात थो होता, पाहा बरं." बाबा ते लग्न उघडायचे, गर्दीतला चेहरा कापून मोठा करायचे. राबणारा माणूस नवरदेवाशेजारी थोडाच उभा राहतो? तो पंगतीतच सापडायचा. हे सगळं रोज माझ्या डोळ्यांसमोर होत होतं, तरी माझ्या टाळक्यात शिरलं नाही. त्याचा मला अजून राग येतो.

आणि पुण्यात नोकरी लागली कुठे, तर पुसलेले फोटो परत काढून देणाऱ्या दुकानात. लोक मेमरी कार्ड घेऊन रडवेले होऊन येत. मी ऐटीत सांगायची, "टेन्शन घेऊ नका, फक्त त्यावर नवीन काही सेव्ह करू नका." 'काहून' म्हटलं की शेजारच्या टेबलवरची मुलगी फिस्सकन हसायची, म्हणून 'का बरं' म्हणायला शिकले. वर्षभरात तीन खोल्या बदलल्या. कुठेच बूड टेकेना.

अशात बाबांचा फोन आला. सुदामकाका छातीत कळ येऊन गेले होते. पुण्यानुमोदनाच्या श्रद्धांजली कार्यक्रमात मेणबत्त्यांमागे ठेवायला त्यांच्या रमाकाकूकडे फोटो नव्हता. मतदान कार्डावरचा म्हणजे नुसता काळा डाग. "पाटलाच्या पोरीच्या लग्नात वरण वाढून रायला होता सुदाम. थे फोटो कुठी ठेवले तू?"

ते मी निघताना उडवले, हे सांगितलं. आणि लगेच ओरडले, "बाबा, कॉम्प्युटर बंद करा, आत्ताच्या आत्ता!" पण मधल्या महिन्यांत बाबांनी त्याच कॉम्प्युटरमध्ये सहा लग्नं भरली होती.

दुसऱ्या दिवशी अकोट गाठलं. दोन दिवस प्रोग्राम चालवत बसले. नव्या लग्नांनी जुन्या पंगती खाऊन टाकल्या होत्या. अर्धे चेहरे यायचे, खाली राखाडी पट्टा. शेवटी काका मिळाले, पण मूळ फोटो नाहीच, त्याची नखाएवढी छोटी प्रत. हातात बादली, डोळे मिटलेले. मोठं करावं तर नुसते चौकोन. "नको तानू," बाबा म्हणाले, "हाये तेवढाच काढ."

काकूंनी तो तिकिटाएवढा कागद तळहातावर धरला. "थेच हायेत. डोये मिटले तं मिटले." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता जाशीन तवा काई पुसून जाऊ नको, माय." शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. कार्यक्रमात एकेक जण टेबलावर वाकून, डोळे बारीक करून काकांना शोधत होता आणि मी दाराशी चोरासारखी उभी होते.

तिथे राहिलेल्या आणि माझ्यासारख्या निघून आलेल्या, दोघांनाही सांगते, घर कुठलं म्हणून कोणी विचारलं की मी आजही अडखळते. पुण्याची खोली घर नाही, अकोटला मी पाहुणी. पण ज्यांचं नाव मला आधीच ठाऊक असायला हवं होतं, म्हणून ते विचारायची लाज वाटते, ती राहतात ते माझं घर, एवढं कळलंय. तिकडच्या लग्नाला गेले की कॅमेरा घेऊन आधी पंगतीत शिरते, लाज गिळून एकेकाचं नाव विचारून लिहून घेते. मागच्या खेपेला एका आजोबांनी घास हातात धरूनच विचारलं, "काहून वं पोरी, फ्रेमसाठी आमचा नंबर लावून रायली का?"

अख्खी पंगत खो खो हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजोबांनी मात्र घास खाली ठेवला, हात धोतराला पुसला, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि म्हणाले, "काढ."